छर्रा डावीकडे जातो

डोळखांबच्या पुढे आमच्या बहिणीचं गाव. गावात पाण्याची उंच टाकी आहे. टाकी बांधून झाली, निळा रंग झाला, योजनेचं नाव आणि खर्चाचा आकडा ठसठशीत अक्षरांत लिहून झाला; पाणी तेवढं यायचं राहिलंय. पण टाकी वाया गेली असं कुणी म्हणू नये. तिच्या शिडीच्या सातव्या पायरीपासून मोबाइलला रेंज येते. बाराव्या पायरीवर व्हिडिओ न अडकता चालतो आणि वरच्या स्लॅबवर गेलं की पोरं म्हणतात, थेट कल्याण. त्यामुळे गावात "पोरगं कुठाय?" याला "टाकीवर" असं उत्तर आलं, तर कुणाच्या काळजात धस्स होत नाही. गेम खेळतंय, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या शिडीच्या पायथ्याशी बसून होतो. वरून भाच्याचा आणि त्याच्या स्क्वाडचा आरडाओरडा ऐकू येत होता. विषय गहन होता.

"लेझर गनला कसला आलाय रिकॉइल? प्रकाश आहे तो! टॉर्च लावल्यावर तुझा हात मागं जातो का?"

"नाय जात. पण रिकॉइल काढला तर सगळे तीच गन उचलतील. गेमची वाट लागेल."

"लागू दे. खरं ते खरं."

"आणि काल त्याच गननं तुला उडवला तेव्हा काय बोंबलत होतास? 'ही गन ओपी हाय, काढून टाका ही!'"

वर शांतता पसरली. रिकॉइल म्हणजे बार काढताना बंदूक मागे देते तो दणका. ओपी म्हणजे ओव्हरपॉवर्ड, गरजेपेक्षा जबर. अशी बंदूक गेमवाल्यांनी जरा बोथट केली की तिला 'नर्फ' केली म्हणतात. मरतुकडीला बळ दिलं की 'बफ'. हे दोन शब्द डोळखांब पट्ट्यातल्या दहावीच्या पोराला समास आणि अलंकारांपेक्षा पक्के येतात. आणि या दोन शब्दांवरून जगभर जी भांडणं चालतात, त्यांचं सार त्या टाकीवर दोन मिनिटांत निघालं होतं: खरेपणा हवा, पण तो समोरच्याच्या बंदुकीत. माझी बंदूक जिंकते ती माझ्या कौशल्यानं. तुझी जिंकते ती गेमवाल्यांच्या चुकीनं.

आता त्या लेझरचंच घेऊ. भाचा म्हणतो ते पदार्थविज्ञानाला धरून आहे. प्रकाशाचा दणका एवढा किरकोळ असतो की खांद्याला पत्ताही लागायचा नाही. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे चुकवायची सोय नाही. दिसला तेव्हा लागलेला असतो. गुरुत्वाकर्षणानं खाली झुकत नाही, वाऱ्यानं हलत नाही. अशी बंदूक गेममध्ये जशीच्या तशी ठेवली, तर पहिला बघेल तो जिंकेल आणि उरलेले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जण गेम डिलीट करतील. म्हणून गेममधला लेझर लालभडक कांडीसारखा, 'प्यूऽऽ' असा आवाज करत, इतका सावकाश येतो की आसनगावला कसारा लोकल पकडायला धावणारा माणूस त्याला चुकवून, वर वडापाव घेऊन, डब्यात चढेल.

पण मग खरा लेझर तरी कुठे त्या पोराच्या कल्पनेतल्यासारखा आहे? आपल्या डीआरडीओनं १३ एप्रिल २०२५ ला कर्नूलजवळ ३० किलोवॉटच्या लेझरनं ड्रोन पाडून दाखवला. पराक्रम खराच. पण ३० किलोवॉट म्हणजे किती, ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो: पाच अश्वशक्तीचे आठ पंप एका दमात. तेही नुसत्या बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं बिल. तो तयार करायला लागणारी वीज याहून कितीतरी जास्त, आणि उरलेल्या विजेची होते धग, ती थंड करायचं यंत्र वेगळं. म्हणून ते हत्यार खांद्याला लटकवून फिरता येत नाही, ट्रकवर बसवावं लागतं. आमच्याकडे भातलावणीच्या ऐन मोसमात चार पंप एका वेळी सुरू झाले की डीपी जळतो. डीपी जळाला की नवा यायला किती दिवस लागतात, हे विचारून मी कुणाला खजील करणार नाही. कल्पना करा: परग्रहावरचा शत्रू किन्हवलीच्या वेशीवर आलाय, आपला जवान ट्रिगर दाबतोय आणि मागून आवाज येतो, "थांबा साहेब, फेज गेली."

शिवाय धूर, धूळ, पाऊस आणि धुकं ही लेझरची जन्मजात दुखणी. किरण विखुरतो, जोर जातो. श्रावणात माळशेज घाटात ज्यानं गाडी चालवली आहे, त्याला सांगायला नको. समोरच्या गाडीचे हेडलाइट जिथे वीस पावलांवर विरघळतात, तिथे लेझर घेऊन उभं राहिलेल्या अंतराळवीराला शेवटी बंदुकीचा दांडाच वापरावा लागेल. हा खरेपणा गेममध्ये आणा म्हणणारा एकही पोरगा मला अजून भेटलेला नाही.

अंतराळातही तीच रड. रशियानं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघानं, १९७४ मध्ये सल्यूत-३ नावाचं अंतराळस्थानक वर पाठवलं आणि त्याला खरीखुरी तोफ बसवली. ती झाडली जानेवारी १९७५ मध्ये, तेही आत एकही माणूस नसताना, जमिनीवरून हुकूम देऊन. धक्क्यानं सगळा डोलारा हादरेल ही धास्ती. अंतराळात माणसानं तोफ उडवली त्याची एवढीच गोष्ट: आधी माणसं घरी पाठवली, मग बार काढला. यावर कुणी गेम काढत नाही.

थोडक्यात, विज्ञानकथेतल्या बंदुकीचा विज्ञानाशी संबंध आमच्या टाकीचा पाण्याशी आहे तेवढाच. नाव असतं, रंग असतो. आधी हिशेब ठरतो, मग त्या हिशेबाला विज्ञानाचा अंगरखा चढवतात. बंदूक फार भारी होतेय? सांगा, ती तापते. चार-सहा गोळ्या झाल्या की लाल होते, वाफ सोडते, आणि ती गार होईपर्यंत तुम्ही दगडाआड बसून राहायचं. 'हेलो' नावाच्या गेममधली (फोनवरचं नव्हे) प्लाझ्माची बंदूक अशीच तापायची. लोकांना वाटतं, केवढं तंत्र! तंत्र वगैरे काही नाही, तो स्पीडब्रेकर आहे.

'मास इफेक्ट'ची गंमत तर याहून मोठी. २००७ च्या पहिल्या भागात बंदुकांना गोळ्या संपायची भीतीच नव्हती. कथेत व्यवस्थित कारण दिलं होतं: धातूच्या ठोकळ्यातून वाळूच्या कणाएवढा तुकडा निघतो, त्यामुळे दारूगोळा जवळजवळ अक्षय, फक्त बंदूक तापते, तेवढी सांभाळा. मग २०१० मध्ये दुसरा भाग आला. बनवणाऱ्यांना वाटलं, गोळ्या मोजून वापरायला लावलं तर चुरस वाढेल. पण 'आम्हाला चुरस वाढवायची होती' असं विज्ञानकथेत लिहिता येत नाही. म्हणून कथेत सांगितलं, आता उष्णता शोषणाऱ्या कांड्या आल्या आहेत, त्या भरायच्या आणि संपल्या की शोधत फिरायचं. म्हणजे काडतुसंच, बारसं फक्त नवीन. कथेतल्या हिशेबानं मधे दोनच वर्षं गेली होती आणि तेवढ्यात सबंध आकाशगंगेनं, झाडून सगळ्या प्रजातींनी, जुन्या बंदुका टाकून नव्या घेतल्या होत्या! आमच्या रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र ओळखीच्या माणसाचा अंगठा ओळखायला यापेक्षा जास्त वेळ घेतं.

आता जरा गंभीर होतो, कारण या धंद्यातली काही माणसं खरंच गंभीर आहेत. २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये जेमी ग्रीझमर या माणसानं एक व्याख्यान दिलं. विषय होता: 'हेलो ३' मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद करणं. संपूर्ण व्याख्यान एवढ्याचसाठी. दोन दशांश सेकंद. ती रायफल फार जबर ठरत होती. गोळीचा मार कमी करावा, तर लांबून एका नेमात टिपणारी म्हणून तिचं जे रूप आहे तेच जातं. म्हणून मार तसाच ठेवला आणि दोन बारांमध्ये डोळ्याचं पातं लवेल एवढा श्वास घुसवला. मला हे वाचून त्या माणसाबद्दल आदर वाटला. दोन दशांश सेकंदाचा न्याय व्हावा म्हणून कुणीतरी इतकं डोकं शिणवतं, हे मुरबाडच्या एसटी स्टँडवर बसून वाचताना तर फारच हललो. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती आणि चौकशीच्या खिडकीत कुणी नव्हतं. (मुरबाडला रेल्वे येणार आहे. मी विज्ञानकथेबद्दलच लिहितोय, विषय सोडलेला नाही.)

पण त्या दोन दशांशांची खरी गोष्ट पुढे आहे. भाच्याच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, पिंग. आपण ट्रिगर दाबल्याची खबर सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. कल्याणच्या फ्लॅटमध्ये फायबर असलेल्या पोराचा तो तीस-चाळीस. टाकीच्या स्लॅबवर, आभाळ निरभ्र असताना, शंभरच्या आसपास. सातव्या पायरीवर दोनशेच्या पुढे. दोनशे म्हणजे किती? बरोबर, दोन दशांश सेकंद. तिकडे अमेरिकेत एक अख्खं व्याख्यान खर्ची पडलं ते एवढ्याच वेळावर, आणि तेवढा वेळ आमच्याकडे सातव्या पायरीवर बसल्याच्या दंडात जातो. कल्याणचा पोरगा भिंतीआडून डोकावतो, गोळी घालतो, परत भिंतीआड जातो. आमच्या पोराच्या पडद्यावर तो अजून डोकावलेलाच नसतो. मेल्यावर दिसतो. गेममधल्या सगळ्या बंदुका सोन्याच्या काट्यावर तोलून ठेवल्या तरी हे तोललं जात नाही. बंदुकीच्या कार्डावर लिहिलेलं असतं 'रेंज: उत्तम'. कुणाची, ते लिहिलेलं नसतं.

म्हणून टाकीवर बसायच्या जागांवरून जी भांडणं होतात, ती मला गेममधल्यापेक्षा जास्त खरी वाटतात. चांगला नेमबाज वर बसतो, नवशिका खाली. खालचा मरत राहतो, म्हणून तो नवशिकाच राहतो. एकदा मी सुचवलं, "अरे, पाळीपाळीनं बसा की." भाचा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी गेममधली जबर एडब्ल्यूएम रायफल सगळ्यांना फुकट वाटायला निघालोय. "मामा, मग गेम कसा जिंकणार?"

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनं 'इंडस' काढला तेव्हा टाकीवर मोठा उत्साह होता. १६ ऑक्टोबर २०२४ ला तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याआधीच एक कोटीच्या वर लोकांनी नावं नोंदवून ठेवली होती. विरलोक नावाचं दूरचं जग, आपल्याकडच्या शिल्पांची आणि पुराणांची वळणं घेतलेले वीर, भविष्यातल्या बंदुका. पुण्याचा माल, तेव्हा मिसळ चांगली असणारच. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. शेवटच्या वर्तुळात 'कॉस्मियम' नावाचं द्रव्य येतं. ते ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. उरलेल्या सगळ्यांना मारायची गरज नाही. आमच्याकडच्या ग्रामपंचायतीत हा नियम पूर्वापार आहे. सगळे सदस्य फोडायची गरज नसते, ग्रामसेवकाचा शिक्का कुठल्या खणात आहे ते कळलं की झालं. दुसरी सोय 'ग्रज'ची: तुम्हाला ज्यानं मारलं त्याच्यावर डूख धरायचा आणि पुढच्या वेळी गाठून वचपा काढायचा. भाच्यानं हे मोठ्या कौतुकानं दाखवलं. बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात नवीन काय? आपल्या भावकीत हाय की, बांधावरून."

खरेपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी आपल्या देशात एक प्रयोग होऊन गेलाय, त्याची आठवण कुणी काढत नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. घराघरांत सुतक. त्यावर उतारा म्हणून २६ जानेवारी २०२१ ला 'फौजी' आला. गलवान खोऱ्यातली चकमक हा विषय. पोरांनी डाउनलोड केला, उघडला, आणि बघतात तर बंदूकच नाही! हाणामारी, ठोसे, दांडके. पोरं खवळली. रेटिंगची पार घसरगुंडी झाली. आता खरं सांगायचं तर त्या गेमइतका खरा गेम दुसरा झाला नसेल. भारत-चीनमध्ये १९९६ चा करार आहे, प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले जवान लढले ते दगड, दांडके आणि खिळे ठोकलेल्या सळयांच्या विरोधात, उणे तापमानाच्या नदीकाठी. हे असंच घडलं होतं. पण खरेपणा हवा म्हणून ओरडणाऱ्यांना खरेपणा दिला तर ते एक तारा देऊन मोकळे झाले.

पबजी पुढे २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नावानं परतला, तो आणखी गमतीशीर अवतारात. आपण माणूस 'किल' करत नाही, 'फिनिश' करतो. रक्त हिरवं. सुरुवातीलाच बजावतात की हे आभासी जग आहे, खऱ्याशी संबंध नाही. म्हणजे एका सरकारी धास्तीनं साधासुधा युद्धाचा गेम विज्ञानकथेत जाऊन बसला. हिरव्या रक्ताची माणसं दुसरीकडे कुठे असतात? आणि त्याच गेममध्ये पाठीला लावलेला फ्रायपॅन रायफलीची गोळी परतवतो. कुठलीही गोळी, कितीही जवळून. बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं चुलीवरच्या तव्याकडे बघितलं, मग पोराच्या पाठीकडे. पुढचं मी थांबवलं.

बंदुकीचा खरेपणा म्हणजे काय, ते या पोरांना शेवटी आमच्या थोरल्या काकांकडे कळलं. काका टोकावड्याकडे राहतात. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या वेळची. स्क्वाड मोठ्या भक्तिभावानं दर्शनाला गेला. काकांनी कपाटावरून कापडात गुंडाळलेली बंदूक काढली आणि भरायची कशी ते नुसतं हातवारे करून दाखवलं, कारण मोकळी असली तरी तोंड कुणाकडे करायचं नाही ही त्यांची शिस्त. आधी नळीत दारू ओतायची. वर चिंधी. मग लोखंडी गज घालून ठास ठास ठासायची, आवाज बदलेपर्यंत. मग छर्रे. मग पुन्हा चिंधी, नाहीतर नळी खाली केली की छर्रे घरंगळून पायावर. मग घोडा चढवायचा, निपलवर टोपी बसवायची, आणि मग डुक्कर कुठे होतं ते आठवायचं.

"आबा, रीलोड टाइम किती?" भाच्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"पुन्हा भरायला किती वेळ?"

"डुक्कर शेत खाऊन, पानी पिऊन घरी जातं तेवढा."

"आणि डॅमेज?"

"कुनाला? डुकराला का मला?" काकांनी सदरा बाजूला करून खांदा दाखवला. तिथे हाडाजवळ एक जुना गडद डाग आहे, रुपयाएवढा. वीस वर्षांपूर्वी दारू जरा जास्त पडली होती, त्याचा. पोरं गप्प झाली. रिकॉइल हा शब्द त्यांनी त्याआधी हजारदा उच्चारला असेल.

मग काकांनी बाकीची वैशिष्ट्यं सांगितली. पावसाळ्यात दारूला ओल धरते, दहातले चार बार फुसके. भात पोटरीला येतं तेव्हाच डुकरं येतात आणि पाऊसही तेव्हाच असतो. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो, निकालानंतर परत. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. त्या महिन्यात काका माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतात आणि गोफण फिरवतात. गोफणीला परवाना नाही, दारू नाही, ओल नाही; भरायला एक दगड आणि दोन सेकंद. काकांच्या मते तीच बरी. "मग बंदूक कशाला ठेवलीत आबा?" यावर ते म्हणाले, "परवाना रद्द झाला तर पुन्हा मिळत नाय." याला म्हणतात कलेक्टर्स आयटम.

येताना वाटेत सिद्धगडाचा डोंगर दिसला आणि एका पोरानं विचारलं, यावर गेम नाही का काढता येणार? शाळेत त्याला २ जानेवारी १९४३ माहीत झालेलं होतं. माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता. त्यांचं लक्ष्य माणसं नव्हती, विजेचे मनोरे होते. मुंबईकडे जाणारी वीज तोडायची. महिनोन्‌महिने रानात काढले आणि त्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांना भाई कोतवाल आणि हिराजी पाटील बळी पडले. मी त्याला म्हटलं, काढता येईल. पण तो खरा काढायचा तर त्यात नव्वद टक्के वेळ रानात चालायचं, उपाशी झोपायचं, पावलांची चाहूल घ्यायची. शेवटी समोर रायफली आणि 'रीस्पॉन', म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणं, नाही. तो म्हणाला, "मामा, मग कोण खेळणार?" मी म्हटलं, तेच तर. गाडीत बराच वेळ कुणी फोन काढला नाही. रेंजही नव्हती, हे खरं असलं तरी.

एक गोष्ट मात्र मला या पोरांची मान्य आहे. गेममधली बंदूक जबर झाली तर हजारो पोरं ओरडतात आणि पंधरा-वीस दिवसांत अपडेट येतो. कुठल्या बंदुकीचा मार किती कमी केला, किती पावलांवर, सगळं यादी करून छापतात. चुकलं तर पुढच्या अपडेटमध्ये परत फिरवतात. एवढी तत्पर दाद-फिर्याद या पोरांनी आयुष्यात दुसरीकडे कुठे बघितलेली नाही. भातसा आणि तानसा त्यांच्याच तालुक्यात. तानसाचं धरण १८९२ चं. तिथलं पाणी मुंबईच्या नळांना येतं आणि उन्हाळा लागला की तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. सव्वाशे वर्षांवर झाली, या नकाशाचा एकही अपडेट आलेला नाही. ती पोरं गेमवर इतकी का भांडतात, ते मला टाकीखाली बसून हळूहळू कळायला लागलंय. जिथे ऐकलं जातं तिथे माणूस भांडतो.

आता शेवटची बंदूक, म्हसाच्या जत्रेतली. पौष पौर्णिमेची म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची जत्रा. मुरबाड तालुक्यातली सगळ्यात मोठी. बैलबाजार, घोंगड्यांच्या थप्प्या, आकाशपाळणा, खाज्याचे ढीग. भाच्याला नेलं होतं. घोंगड्या बघून तो कंटाळला आणि फुगे फोडायच्या बंदुकीपाशी जाऊन थांबला. पत्र्याच्या फळीवर लाल-पिवळे फुगे, पुढे एक लांब बाक, बाकावर तीन छर्ऱ्याच्या बंदुका, दांड्यांना सुतळी गुंडाळलेली. दुकानदार नळी मोडून अंगठ्यानं छर्रा भरून देत होता. "धा छर्रे, बसा दादा."

पोरगा बसला. गाल दांड्याला लावला, एक डोळा मिटला, श्वास रोखला. हे सगळं त्याला टाकीवर येतं. दहातले दोन फुटले. तो नळीकडे बघत म्हणाला, "मामा, हिचा झिरो हललाय. साइट वाकडी हाय. छर्रा डावीकडं जातो."

दुकानदारानं ऐकलं. "बंदूक सरळ हाय दादा. हात हलतोय तुमचा."

भाच्यानं पुन्हा दहा छर्रे घेतले. या वेळी त्यानं फुग्यावर नेम धरलाच नाही. त्याच्या उजव्या बाजूच्या फुग्याच्या कडेवर धरला. फट्. शेजारचा. फट्. तिसरा, चौथा, पाचवा. मागे चार माणसं गोळा झाली. घोंगडं खांद्यावर टाकलेला एक म्हातारा "वा रं वा" म्हणाला. सहावा फुटला. दुकानदार फुग्यांच्या फळीकडे बघत होता, मग पोराकडे, मग पुन्हा फळीकडे. सातवा फुटल्यावर तो पुढे आला आणि अगदी मायेनं भाच्याच्या हातातली बंदूक काढून घेतली.

"ही द्या इकडं. तापलीय ती. ही घ्या, गार हाय."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यानं नवी बंदूक घेतली, तसाच उजवीकडे नेम धरला, दाबला.

हिचा छर्रा उजवीकडे जात होता.